बे दुणे चारवर एवढा राग कशाला?

प्रश्न असा आलाय: दोस्तोयेव्हस्कीची छोटी कादंबरी नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड वाचायला घेतली, तीसेक पानं झाली, यातला निवेदक, तो बिननावाचा तळघरातला माणूस, नुसताच बडबडतोय, बुद्धीवर, गणितावर, विज्ञानावर राग काढतोय, मग दोस्तोयेव्हस्की विज्ञानविरोधी होता का, आणि सगळे जी परात्मता म्हणतात (माणसाचं जगापासून, स्वतःपासून तुटलेपण) ती यात नेमकी कुठं शोधायची. विचारणाऱ्या ताई एमएच्या परीक्षेला बसतायत असं दिसतंय म्हणून जरा ऐसपैस लिहितो. मी वीस-बावीस वर्षं रशियन शिकवतोय, हे पुस्तक बहुतेक दर वर्षी वर्गात घेतो आणि दर बॅचमध्ये कोणीतरी तिसाव्या पानाच्या आसपास गळतोच, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पहिला भाग हे एका भांडणातलं उत्तर आहे. आपण चाळीत शेजारच्या खोलीतून फक्त एकाच माणसाचा आवाज ऐकतोय, समोरचा काय बोलला ते ऐकूच येत नाहीये, म्हणून तो वेडा वाटतो. समोरचा कोण? निकोलाय चेर्निशेव्हस्की, त्या काळातला जहाल समाजवादी रशियन लेखक. हा माणूस 1862 च्या जुलैत पकडला गेला, पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल किल्ल्यात कोठडीत बसून त्यानं 'काय करावं?' नावाची कादंबरी लिहिली आणि ती 1863 मध्ये 'सोव्रेमेन्निक' मासिकात छापूनही आली, तुरुंगातल्या राजकीय कैद्याची कादंबरी, सेन्सॉर असताना! त्यातही गंमत म्हणजे संपादक नेक्रासोव्हच्या हातून हस्तलिखित रस्त्यात कुठंतरी पडलं, त्यानं पेपरात जाहिरात दिली आणि ते परत मिळालं. मिळालं नसतं तर आपण आज ज्यावर बोलतोय ते पुस्तक कदाचित वेगळंच झालं असतं.

चेर्निशेव्हस्कीचं म्हणणं थोडक्यात असं की माणूस नेहमी आपला फायदा बघतो, यात वाईट काही नाही, फक्त त्याला आपला खरा फायदा कशात आहे ते कळत नाही म्हणून तो वाईट वागतो. शिकवा त्याला, नीट हिशोब करायला लावा, मग त्याला कळेल की सगळ्यांच्या भल्यातच आपलं भलं आहे, आणि जग सुधारेल. कादंबरीची नायिका वेरा पावलोव्हना, तिच्या चौथ्या स्वप्नात हे सुधारलेलं जग दिसतं, काचेचा आणि लोखंडाचा प्रचंड महाल, शेतं, यंत्रं, गाणी, सगळे सुखी. हा महाल हवेतून आलेला नाही, लंडनच्या 1851 च्या प्रदर्शनासाठी पॅक्स्टननं बांधलेला क्रिस्टल पॅलेस (नंतर तो सिडनहॅमला हलवला) हे त्याचं मॉडेल. आणि योगायोग बघा, 1862 च्या उन्हाळ्यात दोस्तोयेव्हस्की पहिल्यांदा युरोपला गेला तेव्हा लंडनलाही जाऊन आला, परत येऊन प्रवासवर्णन लिहिलं आणि त्यातल्या लंडनच्या प्रकरणाला नाव दिलं 'बाल', म्हणजे बायबलातला तो खोटा देव. एकाला जिथं स्वर्ग दिसला तिथं दुसऱ्याला मूर्ती दिसली, जिच्यापुढं लाखो लोक मुकाट मान खाली घालून उभे आहेत.

आता बे दुणे चार, ज्याच्यावर तळघरातला माणूस सगळ्यात जास्त चिडतो. हेही त्याचं स्वतःचं नाही. 1862 मध्ये तुर्गेनेव्हची 'फादर्स अँड सन्स' आली, तिच्यातला बझारोव्ह, बेडूक फाडणारा मेडिकलचा पोरगा, आपल्या मित्राला म्हणतो की बे दुणे चार हे महत्त्वाचं, बाकी सगळं फालतू. (चांगला केमिस्ट कुठल्याही कवीपेक्षा वीसपट उपयोगी, हेही त्याचंच.) म्हणजे त्या काळात पीटर्सबर्गच्या तरुण पोरांमध्ये हा एक प्रकारचा नाराच होता. 1864 मध्ये तळघरातला माणूस त्या नाऱ्याला उत्तर देतो आणि काय चित्र काढतो! म्हणतो बे दुणे चार तुमच्या वाटेत आडवा उभा राहतो, कमरेवर हात ठेवून, आणि थुंकतो. वर्गात इथं हमखास हशा पिकतो कारण आपल्याकडे कमरेवर हात म्हटलं की विठोबा आठवतो, पण हा विटेवरचा नाही, नाक्यावरचा दादा आहे.

नीट वाचलंत तर तो गणित खोटं आहे असं कुठंच म्हणत नाही. बे दुणे चार ही उत्तमच गोष्ट आहे, म्हणतो, पण कौतुकच करायचं झालं तर बे दुणे पाच हीसुद्धा कधीकधी फार गोड चीज असते. त्याचा राग कोष्टकावर आहे. माझ्या सगळ्या इच्छा, माझे सगळे फायदे तुम्ही आधीच मोजून तक्त्यात भरलेत, आता मी काय करणार हे लॉगॅरिदमच्या टेबलसारखं बघून सांगता येईल, मग मी उरलो कुठं? मी पियानोची पट्टी झालो, कोणीतरी दाबणार आणि मी वाजणार. आणि मग तो म्हणतो की असं झालं तर माणूस मुद्दाम, कळूनसवरून, स्वतःचं नुकसान होईल असं काहीतरी करेल, मूर्खपणा करेल, वेळ आली तर वेडाही होईल, फक्त आपण पट्टी नाही एवढं सिद्ध करायला. तुमच्या फायद्यांच्या यादीत एक फायदा राहूनच गेला, सगळ्यात मोठा फायदा, आपल्या मनाला येईल ते करण्याचा.

आता गंमत बघा, हा युक्तिवाद स्वतः किती तर्कशुद्ध आहे! बकल नावाच्या इंग्रज इतिहासकाराचं म्हणणं की संस्कृती वाढली की माणूस मऊ होतो, रक्तपात कमी होतो. हा लगेच पुरावे काढतो, नेपोलियन बघा, आत्ता चालू असलेली अमेरिका बघा (तिकडे यादवी युद्ध चालू होतं), रक्ताच्या नद्या वाहतायत, तीही अशी फेसाळत जणू शॅम्पेन. म्हणजे समोरच्याला डेटा देऊन हरवतोय. म्हणून "बुद्धिवादाला नकार" हा शब्द परीक्षेत लिहाल तेव्हा जपून लिहा. तो बुद्धीला नाकारत नाही, बुद्धीचा वापर इतका ताणतो की ती स्वतःच्याच वजनानं मोडते. एका बॅचमध्ये एक इंजिनीयर मुलगा होता, तो म्हणाला सर हा तर टेस्टर आहे, सिस्टीम कुठं क्रॅश होते ते शोधतोय. याहून चांगलं मला इतक्या वर्षांत सांगता आलेलं नाही.

पण हे "मनाला येईल ते" दोस्तोयेव्हस्कीला कुठून सुचलं? बरेच लोक इथं लगेच तत्त्वज्ञानाकडे पळतात. माझं मत, ओम्स्ककडे, म्हणजे त्याच्या सैबेरियातल्या तुरुंगाकडे बघा. हा स्वतः तरुणपणी स्वप्नाळू समाजवादी मंडळींत होता, पेत्राशेव्हस्कीच्या घरी शुक्रवारी जमायचे, फूरिये हा फ्रेंच समाजवादी वाचायचे, ज्याच्या कल्पनेतल्या सामुदायिक वसाहतींतूनच पुढं चेर्निशेव्हस्कीचा महाल उभा राहिला. एप्रिल 1849 मध्ये सगळे पकडले गेले, त्याच्यावरचा एक मोठा आरोप काय तर समीक्षक बेलिन्स्कीचं लेखक गोगोलला लिहिलेलं बंदी असलेलं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. 22 डिसेंबरला सेम्योनोव्ह मैदानात नेऊन उभे केले, मृत्युदंड वाचून दाखवला, बंदुका रोखल्या आणि मग ऐनवेळी सांगितलं की शिक्षा बदललीय. मग चार वर्षं सैबेरियात ओम्स्कला सक्तमजुरी, पायात बेड्या. त्यावर त्यानं जे पुस्तक लिहिलं त्यात एक निरीक्षण आहे जे मी दर वर्षी वर्गात वाचून दाखवतो. कैदी कोपेक कोपेक जमवतो, महिनोन्महिने लपवून ठेवतो, आणि मग एका दिवसात सगळे दारूत आणि वाजंत्र्यात उडवतो, दुसऱ्या दिवशी मार खातो. किंवा एखादा कैदी, वर्षानुवर्षं शांत, आदर्श, अधिकाऱ्यांचा लाडका, एक दिवस अचानक सैतान अंगात शिरल्यासारखा सुटतो, दंगा करतो, खूनसुद्धा करून बसतो, आणि साहेब लोक चकित, याला झालं काय! दोस्तोयेव्हस्की सांगतो की याला काही झालेलं नाही, ही त्याच्या माणूसपणाची आचक्यासारखी उसळी आहे, मी आहे एवढंच त्याला दाखवायचंय. हिशोबानं बघाल तर शुद्ध मूर्खपणा. तळघरातल्या माणसाचं सगळं तत्त्वज्ञान मला तरी या कैद्याचंच शिकलेल्या भाषेतलं रूप वाटतं. तुरुंगात ज्यानं चार वर्षं काढली त्याला काचेच्या महालातही आधी भिंतीच दिसणार, यात नवल काय.

आता शब्दांकडे येऊ, कारण मी शेवटी भाषेचा मास्तर. पहिल्याच ओळीत तो म्हणतो मी आजारी माणूस आहे, आणि लगेच पुढचा शब्द 'झ्लोय'. इंग्रजीत कोणी याचं दुष्ट करतं, कोणी आकसखोर. मी पोरांना मराठी शब्द सुचवायला सांगतो. दुष्ट म्हटलं की खलनायक डोळ्यांपुढं येतो, तो हा नाही, थोड्याच वेळात स्वतःच कबूल करतो की मला नीट वाईटसुद्धा होता आलं नाही. खुनशी, तिरसट, कुचका, सगळे येऊन जातात. मला खवचट सगळ्यात जवळचा वाटतो, कारण खवचटपणाला समोर प्रेक्षक लागतो, आणि या माणसाला एकटा असूनही सतत समोर "सभ्य गृहस्थहो" लागतात. यकृत दुखतंय बहुतेक, पण डॉक्टरकडे जाणार नाही, का तर खवचटपणा म्हणून, नुकसान कोणाचं तर स्वतःचं. आपल्याकडेही असे काका असतात हो, बीपीची गोळी मुद्दाम न घेणारे, "तुम्हाला काय करायचंय" म्हणणारे.

दुसरा शब्द 'पदपोल्ये', ज्याचं आपण तळघर करतो. तळघर म्हटलं की खोली आली, जिना आला, तिथं माणूस उभा राहू शकतो. मूळ शब्दात फळ्यांच्या जमिनीखालची पोकळी आहे, जिथं वस्तू साठवतात आणि उंदीर राहतात. म्हणूनच तो स्वतःला उंदीर म्हणतो, अपमान झाला की फटीतून खाली पळायचं आणि तिथं चाळीस वर्षं तोच अपमान उगाळत बसायचं. प्रत्यक्षात हा गृहस्थ कुठल्याही तळघरात राहत नाही, शहराच्या कडेला एका भिकार खोलीत राहतो. तेव्हा परात्मता कुठं शोधायची म्हणालात ना, ती इथं, या फटीत.

आणि इथं एक इशारा. परात्मता म्हटलं की मुलं लगेच मार्क्सचं लिहायला लागतात, श्रमापासून तुटलेला कामगार वगैरे. मार्क्सच्या त्या 1844 च्या टिपणवह्या छापून आल्या 1932 मध्ये, यांच्यापैकी कोणी त्या वाचण्याचा प्रश्नच नव्हता. रशियन परात्मतेचं मूळ सरकारी आहे. झार पीटरनं 1703 मध्ये दलदलीत पीटर्सबर्ग शहर वसवलं, 1722 मध्ये सरकारी नोकरांचे चौदा दर्जे ठरवून दिले, आणि माणूस म्हणजे त्याचा दर्जा झाला. गोगोलच्या 'ओव्हरकोट' कथेतला अकाकी अकाकियेविच नववा दर्जा, नकला करणारा कारकून, ओव्हरकोट चोरीला गेला आणि मेला (1842). तळघरातला माणूस आठवा दर्जा, एक पायरी वर, दूरच्या नातेवाइकाचे सहा हजार रुबल मिळाले तशी नोकरी सोडली. फरक एवढाच की अकाकीला कळत नव्हतं त्याच्याशी काय होतंय, याला सगळं कळतं, जरा जास्तच कळतं, आणि कळून उपयोग शून्य. शहराबद्दल तो म्हणतो की जगातल्या सगळ्यात अमूर्त आणि ठरवून बनवलेल्या गावात राहायचं दुर्दैव वाट्याला आलंय. म्हणजे कागदावर आखलेलं शहर, कागदावर आखलेली माणसं, आणि आता चेर्निशेव्हस्की म्हणतोय की सुखही कागदावर आखू.

आता माझं खरं म्हणणं, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. पहिला भाग तूर्त बाजूला ठेवा आणि दुसरा त्याच्या आधी वाचा, 'ओल्या बर्फाच्या निमित्तानं'. पहिल्या भागात तो चाळीस वर्षांचा आहे आणि भाषण ठोकतोय, दुसऱ्यात चोवीस वर्षांचा आहे आणि त्या भाषणामागं काय दडलंय ते आपल्याला दिसतं.

बिलियर्डच्या दुकानात एक अधिकारी याला वाटेतून खांदे धरून बाजूला ठेवतो, एक शब्द न बोलता, खुर्ची सरकवावी तसा. मारलं असतं तरी चाललं असतं, हा म्हणतो, पण त्यानं मला पाहिलंच नाही! मग हा वर्ष-दोन वर्षं सूड आखतो. नाव शोधतो, त्याच्यावर टिंगलीची गोष्ट लिहून मासिकाला पाठवतो, ती छापत नाहीत. शेवटी ठरतं की नेव्हस्की प्रॉस्पेक्टवर, म्हणजे पीटर्सबर्गच्या हमरस्त्यावर, तो समोरून आला की आपण बाजूला व्हायचं नाही. त्यासाठी कपडे नीट हवेत, म्हणून काळे हातमोजे, हॅट, आणि कोटाची रॅकूनची कॉलर काढून बीव्हरची लावायची, त्यासाठी साहेबांकडून उसने पैसे. कितीदा ऐनवेळी पाय आपोआप बाजूला होतात. शेवटी एकदा डोळे मिटून जातो आणि खांद्याला खांदा लागतो. अधिकारी वळूनही बघत नाही. आणि हा घरी येऊन आनंदानं इटालियन गाणी म्हणतो! चेर्निशेव्हस्कीच्या कादंबरीत हाच प्रसंग आहे, तिथल्या नायकाचा, लोपुखोव्हचा नियम की बाईमाणूस सोडून कोणासाठी आपण आधी बाजूला व्हायचं नाही, एक रुबाबदार गृहस्थ आडवा येतो, लोपुखोव्ह त्याला उचलून अलगद गटारात ठेवतो, विषय संपला. तिथं विचार आला की कृती होते. इथं विचार आणि कृती यांच्यामध्ये दोन वर्षं आणि एक कॉलर आहे.

मग जुन्या वर्गमित्रांचं जेवण, जिथं याला कोणी बोलावलेलंच नाही, हा घुसतो, ते पाचऐवजी सहाची वेळ करतात आणि याला कळवत नाहीत, आणि नंतर हा आठपासून अकरापर्यंत तीन तास टेबल ते शेगडी, शेगडी ते टेबल येरझारा घालतो, कोणी लक्ष देत नाही. हा भाग मला अजूनही सलग वाचवत नाही.

आणि लिझा. त्याच रात्री वेश्यागृहात भेटलेली वीस वर्षांची मुलगी, रीगाहून आलेली. हा तिला असं काही भाषण देतो, तुझं असं होईल, तसं मरशील, की ती कोलमडते. पण त्याआधी ती एक वाक्य बोलून जाते, तुम्ही अगदी पुस्तकातल्यासारखं बोलता. बस, अख्ख्या कादंबरीचा निकाल त्या मुलीनं लावला. ज्याला बुद्धिवाद्यांच्या पुस्तकी माणसाचा एवढा राग, तो स्वतः पुस्तकी. पतितेला वाचवणारा उदात्त तरुण हाही तेव्हा कवितांतला ठरलेला साचा, नेक्रासोव्हची तशी कविता दोस्तोयेव्हस्कीनं भागाच्या सुरुवातीला घेतलीय आणि मध्येच "वगैरे, वगैरे, वगैरे" म्हणून तोडलीय, काय खवचट! ती खरंच त्याच्या घरी येते तेव्हा हा फाटक्या गाऊनमध्ये नोकराशी पगारावरून भांडत असतो. लाजेनं हा तिच्यावरच उसळतो, सगळं ओकतो, मी तुला फक्त छळत होतो, सत्ता हवी होती मला. आणि ती? ती हिशोब करत नाही, अपमानही धरत नाही, तिला एवढंच कळतं की हा माणूस दुःखी आहे, आणि ती त्याला मिठी मारते. हे त्याला झेपत नाही. जाताना तो तिच्या मुठीत पाच रुबलची नोट कोंबतो, आणि ती गेल्यावर बघतो तर चुरगळलेली नोट टेबलावर. बुद्धीच्या पलीकडचं काही या पुस्तकात असेल तर ते बे दुणे पाच नाही, ती मिठी आहे.

म्हणून पहिल्या भागातल्या त्या जोरदार भाषणावर माझा पूर्ण विश्वास नाही. त्यातला बराचसा भाग म्हणजे सोळा वर्षं ती नोट डोळ्यांसमोरून हलत नाहीये म्हणून केलेली वकिली. युक्तिवाद बरोबर आहे, माणूस खोटा आहे, दोन्ही एकाच वेळी.

दोस्तोयेव्हस्कीकडे याचं उत्तर होतं का? होतं. पहिल्या भागाच्या दहाव्या प्रकरणात त्यानं श्रद्धेची, ख्रिस्ताची गरज मांडली होती आणि सेन्सॉरनं नेमकं तेच कापलं. मार्च 1864 मध्ये भावाला पत्रात चिडून लिहितो की जिथं मी सगळ्याची टर उडवली ते राहू दिलं आणि जिथं श्रद्धेकडे आलो ते छाटलं, डुकरं. (त्याच वसंतात मॉस्कोत त्याची बायको क्षयानं मरत होती, हे पुस्तक त्या खोलीशेजारी लिहिलंय.) पण पुढच्या वर्षीच्या आवृत्तीतही त्यानं तो मजकूर परत घातला नाही. का, यावर लोक भांडतात. माझ्या मते बरं झालं, आज हे पुस्तक अध्यात्माच्या झेंड्यासारखं फडकवणाऱ्यांची पंचाईत होते.

आपल्याकडच्या वाचकाला आणखी एक अडचण येते, ती सांगतो. आपल्याला बुद्धिप्रामाण्य म्हटलं की आगरकर आठवतात, 1888 चा 'सुधारक' आठवतो, आणि त्याला विरोध म्हणजे सोवळं-ओवळं असं समीकरण डोक्यात असतं. इंग्रज विचारवंत मिलचा प्रभाव आगरकरांवर होता, आणि मिलच्या अर्थशास्त्राचं रशियन भाषांतर टिपांसकट कोणी केलं तर याच चेर्निशेव्हस्कीनं. तेव्हा त्याला मूर्ख समजू नका. बायकांच्या स्वातंत्र्याबद्दल तो जे लिहून गेला ते वाचून खऱ्या मुलींनी घरं सोडली, शिवणकामाच्या सहकारी संस्था काढल्या, आणि त्याची किंमत म्हणून तो जवळजवळ वीस वर्षं सैबेरियात राहिला. दोस्तोयेव्हस्की रूढीच्या बाजूनं बोलत नाहीये. त्याचा आक्षेप एवढाच की सुखाच्या बेरजेत 'मी' कुठं धरलाय ते दाखवा.

हाच आक्षेप पुढं कसा जातो ते झटपट सांगतो, परीक्षेला कामाला येईल. 1866 च्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मध्ये रस्कोल्निकोव्ह खानावळीत ऐकतो की एका निरुपयोगी म्हातारीच्या बदल्यात शेकडो जीव वाचतील, साधं अंकगणित आहे, आणि कुऱ्हाड घेऊन जातो तेव्हा दारात अचानक म्हातारीची बहीण येते, जी गणितात नव्हती. टॉलस्टॉयची वाट वेगळी पण मुक्काम तिथंच, इव्हान इल्यिच (1886) आयुष्यभर तर्कशास्त्राच्या पुस्तकातलं वाचत आलेला, कायस माणूस आहे, माणसं मर्त्य आहेत, म्हणून कायस मर्त्य. कायसच्या बाबतीत हे अगदी बरोबर, पण मी कायस नाही, मी तर वान्या (इव्हानचं लाडाचं नाव), ज्याला लहानपणच्या चामड्याच्या चेंडूचा वास आठवतो! घरात सगळे खोटं बोलतात, एकटा गेरासिम नावाचा नोकर त्याचे पाय खांद्यावर घेऊन रात्रभर बसतो, सगळेच मरणार आहोत मालक, मग थोडे कष्ट घेतले तर काय बिघडलं. लिझाची मिठी आणि गेरासिमचे खांदे शेजारी ठेवून एक प्रश्न लिहा, परीक्षक खूश होईल. आणि ज्यानं बझारोव्हच्या तोंडी बे दुणे चार घातलं त्या तुर्गेनेव्हनं 1881 मध्ये, म्हातारपणी, एक छोटं गद्यकाव्य लिहिलं, त्यात म्हणतो की माणूस कशासाठीही प्रार्थना करो, मागणं एकच असतं, देवा, बे दुणे चार होऊ देऊ नको.

वाचायचा क्रम माझ्याकडून असा घ्या: आधी गोगोलचा ओव्हरकोट, एका बैठकीत होतो, मग नोट्सचा दुसरा भाग, मग इव्हान इल्यिच, आणि या तिघांनंतर नोट्सचा पहिला भाग, तोही मोठ्यानं वाचून. मोठ्यानं वाचताना तो कुठं थांबतो, कुठं समोरच्यानं काही बोलायच्या आधीच उत्तर देऊन टाकतो, ते कानाला कळतं. माझ्या वर्गात तो भाग जोडीनं वाचतात, एकजण तळघरातला माणूस आणि दुसरा नुसता समोर बसून गप्प, आणि दर वेळी पहिल्यालाच आधी घाम फुटतो.